खालच्या शिवारातला दिवस

सकाळी 6

पावसाळ्यात पटवाऱ्याचा दिवस आकड्यांनी उजाडतो. कागदावर आमचं पद आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, त्याआधी तलाठी होतं. राळेगाव तालुक्यातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी मात्र वऱ्हाडातला जुना पटवारीच टिकून आहे. पहिला आकडा महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाचा. चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी. आज तो बराच खाली आहे, म्हणजे कागदोपत्री काल आमच्याकडे साधा पाऊस झाला.

दुसरे आकडे धरणांचे. मोर्शीजवळचं ऊर्ध्व वर्धा, धनोडीचं निम्न वर्धा आणि बाभूळगाव तालुक्यातलं बेंबळा. कुणाचे दरवाजे किती वाजता किती उघडले, ते तहसीलच्या ग्रुपवर येतं. वर्धा नदी उगम पावते मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यात मुलताईच्या बाजूला. सातपुड्यात दोन दिवस झड लागली की आमच्याकडे ऊन पडलेलं असतानाही पूर येतो. रात्री वरून पाणी सोडलेलं आहे. कोतवालाला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, नाला उलटा चालून रायला."

याचा अर्थ आज दिवसभर चिखल.

सकाळी 7.30

गाडीला पिशवी अडकवून निघालो. पिशवीत पंचनाम्याचे कोरे फॉर्म, प्लॅस्टिकची घडी, मोबाईलचा पॉवर बँक आणि एक जुना पंचा. गमबूट घालून चिकण मातीत चालता येत नाही, पाय वर येतो आणि बूट तिथेच राहतो. त्यामुळे मी साध्या रबरी चपला घेतो आणि धुऱ्यावर काढून ठेवतो.

नकाशावर यवतमाळ जिल्हा म्हटला की लोकांना घाट आणि सागवान आठवतं. ते खरं आहे, पण ते वरच्या अंगाचं. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून साधारण 445 मीटरवर, पठारावर बसलेलं. तिथून कळंबमार्गे राळेगावकडे यायला लागलं की जमीन उतरत येते, टेकड्या मागे पडतात, बरड संपतं आणि काळं सपाट रान सुरू होतं. हा वर्धेच्या खोऱ्याचा पट्टा. पाण्याला इथे उतार सापडत नाही. कळंबचं चिंतामणीचं देऊळ पाहिलं असेल त्यांना हे पायऱ्यांवरच कळलं असेल: गणपतीच्या दर्शनाला तिथे चढावं लागत नाही, उतरावं लागतं. काही वर्षांनी कुंडाचं पाणी आपोआप चढतं आणि मूर्तीच्या पायांना लागतं, अशी श्रद्धा आहे. लोक त्याला गंगा आली म्हणतात. देवाच्या बाबतीत पाणी खालून चढलं तर उत्सव होतो. कास्तकाराच्या वावरात चढलं तर ते कुठल्या रकान्यात लिहायचं, हा माझा रोजचा प्रश्न.

सकाळी 8.15

कृषी सहायकाला रावेरीला भेटायचं ठरलं होतं. पंचनामा एकट्याचा नसतो. महसूल, कृषी आणि ग्रामपंचायत अशा तिघांच्या सह्या लागतात. ग्रामसेवक थेट गावात येणार होते.

रावेरी म्हणजे सीतामंदिराचं गाव. इथल्या देवळात सीता एकटी आहे, शेजारी राम नाही. रामाने टाकल्यावर ती इथे आली, लव-कुश इथेच जन्मले, असं परिसरातले लोक मानतात. बाळंतिणीने गावात पसाभर गहू मागितला, कुणी दिला नाही, तेव्हा तिने या गावात गहू पिकणार नाही असा शाप दिला. संकरित बियाणं येईपर्यंत तो पिकला नाही, असं सांगतात. इथे जखडलेला मारुतीही आहे. लव-कुशांनी त्याला बांधलं, ही त्याची गोष्ट. गहू न पिकण्यामागे मातीचं काही कारण असेल का, असं मी एकदा या कृषी सहायकाला विचारलं होतं. "शापाचा माती परीक्षण अहवाल येत नाही, साहेब," म्हणाला.

मला या देवळाचं महत्त्व वेगळ्या कारणाने वाटतं. त्याच्या जीर्णोद्धाराचं शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी मनावर घेतलं. बायकांच्या नावावर जमीन करा, या त्यांच्या लक्ष्मीमुक्तीच्या हाकेला 1990 च्या आसपास विदर्भातल्या अनेक गावांनी ओ दिली होती. नवरा जिवंत असताना, भांडण नसताना, नुसत्या कबुलीने बायकोचा हिस्सा तिच्या नावे करायचा. पुढे सरकारनेही त्याच नावाची योजना आणली आणि सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची वाट मोकळी झाली. नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बाईचं देऊळ आणि बायकोच्या नावाचा फेरफार, हे दोन्ही एकाच माणसाने जोडलं. वारसा जपणं म्हणजे चुना फासणं असं समजणाऱ्यांनी हे एकदा बघावं.

सकाळी 9.15

गाव. नाव लिहीत नाही, कारण पंचनामा चालू आहे.

नदीकाठच्या कुठल्याही जुन्या गावात शिरताना गाडीला जरा चढ लागतो. तीच पांढरी. शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, ही वाटणी मराठी मुलखात सगळीकडे आहे, पण सखल भागात तिचा अर्थ जिवावरचा आहे. शेकडो वर्षांच्या मातीच्या भिंती पडून, राख आणि उकिरडे साचून, त्यावर पुन्हा घरं बांधून ही टेकाडं उंच होत गेली. जुना वाडा, मारुतीचा पार, पाटलाचं घर हे सगळं उंचवट्यावर. घरकुलं, समाजमंदिर, अंगणवाडी हे अलीकडचं बांधकाम जागा मिळाली तिथे, म्हणजे बहुतेक खाली. आज पाणी अंगणवाडीच्या पायरीपर्यंत आहे आणि पारावर कुत्री कोरड्यात झोपली आहेत.

पारावर माणसं जमली होती. पोलीस पाटील, कोतवाल, ग्रामसेवक, आणि ज्यांची वावरं नाल्याकाठी आहेत ते सगळे. पहिला प्रश्न नेहमीचाच, "साहेब, आमचं नाव आलं का यादीत?" यादी अजून व्हायचीच आहे, हे पटवून द्यायला वेळ गेला.

सकाळी 10 ते दुपारी 1

दिवसाचं खरं काम हे.

नदी तुडुंब असली की तिला मिळणाऱ्या नाल्यांची तोंडं बंद होतात. नाल्याचं पाणी पुढे जात नाही, मागे फुगतं, आणि जिथे धुरा खालचा असेल तिथून वावरात शिरतं. नदी उतरली की यातलं बरंचसं परत जातं. जे जात नाही ते नुकसान करतं. काळी माती ओली झाली की फुगते, तिची छिद्रं मिटतात आणि वरचं पाणी खाली मुरत नाही. उन्हाळ्यात याच जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. पावसाच्या पहिल्या सरी त्या भेगांमधून सरळ आत जातात. एकदा का त्या मिटल्या की जमीन तवा होते.

पहिलं वावर एका बाईंच्या नावावर. सातबाऱ्यावर त्या एकट्याच खातेदार. पदर खोचून गुडघाभर चिखलात माझ्यापुढे चालत होत्या.

"काकू, पाणी किती दिवसांपासून थांबलं?"

"चार रोज झाले, भाऊ. पराटीचे पानं लोंबले. आता मुया सडतीन."

"पाऊस किती झाला इकडे?"

"पाऊस कुठचा? हे तं खालून आलं."

पऱ्हाटी पाहिली. वरची पानं माना टाकलेली, खालची पिवळी. कृषी सहायकाने एक झाड उपटलं, मुळावर बोट फिरवलं आणि म्हणाला, "आकस्मिक मर." पाण्याचा निचरा झाला आणि लगेच झाडाच्या बुडाशी आळवणी केली तर काही झाडं परत येतात. पण निचरा करायचा कुठे? तिन्ही बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला रस्ता. रस्ता दोन वर्षांत दोनदा उंच झाला, त्याखालची मोरी आहे तेवढीच राहिली. पूर्वी पाणी रस्त्यावरून पलीकडे जायचं, तासाभरासाठी वाहतूक थांबायची आणि वावर मोकळं व्हायचं. आता गाड्या थांबत नाहीत. पाणी थांबतं.

फॉर्म भरायला घेतला. गट क्रमांक, क्षेत्र, पीक, बाधित क्षेत्र, नुकसानीची टक्केवारी. 33 टक्क्यांच्या वर असेल तरच मदतीला पात्र. मग कारणाचा रकाना: अतिवृष्टी की पूर? मंडळात 65 मिलिमीटर झालेला नाही, म्हणून अतिवृष्टी म्हणता येत नाही. नदीचं पाणी या वावरात प्रत्यक्ष शिरलेलं नाही. शिरलंय ते नाल्याचं, आणि निम्मं तर वावरावर पडलेलं स्वतःचंच आहे, ज्याला जायला वाट मिळाली नाही. 2023 मध्ये सततचा पाऊस हीसुद्धा आपत्ती मानायचं ठरलं, त्याने बऱ्याच शिवारांची सोय झाली. पण थांबलेल्या पाण्यासाठी रकाना नाही. मी नाल्याला आलेल्या पुराचं पाणी शिरून, असं लिहिलं. खोटं नाही. पुरतं खरंही नाही.

इथे एक गोष्ट बोलून टाकतो. आमच्या विभागाची, कृषीची, जलसंधारणाची सगळी भाषा दुष्काळाने घडवली आहे. पाणी अडवा, पाणी जिरवा. जलयुक्त शिवार. नाला खोलीकरण, बंधारे, शेततळी. वरच्या बरड रानाला हे सगळं हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण जिल्हा एक म्हणून योजना एक, असं केल्याने खालच्या शिवारातही पाणी अडवलं जातं, जिथे लोकांची मागणी पाणी काढा अशी आहे. नाला खोल केला आणि त्यातच बंधारा घातला, तर खोली वाढते, निचरा वाढत नाही. एका म्हाताऱ्या कास्तकाराने हे मला भर ग्रामसभेत सुनावलं होतं: "साहेब, आमाले पानी नोको. रस्ता द्या त्याले जायला."

पुढची वावरं भराभर झाली. सोयाबीन रुंद वरंब्यावर पेरलेलं एक शिवार बऱ्यापैकी उभं होतं, सपाट पेरलेलं त्याच्या शेजारचं पार झोपलेलं. तुरीचं विचारूच नका. तूर पाण्यात उभी राहत नाही. काही ठिकाणी फॉर्मवर शून्य लिहावं लागलं आणि शिव्या खाव्या लागल्या. एका वावरात धुऱ्यावरून भांडण होतं, दोघेही पाण्याखालच्या धुऱ्याची जागा आपल्याला सोयीची दाखवत होते. तिथे फक्त फोटो काढले.

दुपारी 1.30

काकूंच्याच घरी जेवण. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. नाही म्हटलं तर राग येतो आणि हो म्हटलं तर पटवारी जेवून गेला अशी गावभर चर्चा होते. मी जेवतो.

दुपारी 2.30

नदीवर. जमीन खरडून गेल्याची तक्रार होती, त्याचा फोटो काठावरूनच घ्यावा लागला, कारण जमीन पाण्याखाली होती.

वर्धा समोर पसरलेली, चहाच्या रंगाची, मधून एखादं बाभळीचं झाड मुळासकट जाताना दिसतं. पलीकडे वर्धा जिल्हा. आज जिल्ह्याची हद्द असलेली ही नदी एके काळी राज्यांची हद्द होती. 1803 साली नोव्हेंबरात अडगावच्या लढाईत नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला, डिसेंबरात देवगावचा तह झाला, आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख रघूजी भोसल्यांच्या हातून गेला. तो निजामाकडे आला. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिलं. पलीकडचं नागपूर राज्य त्याच सुमारास खालसा झालं आणि मध्य प्रांतात गेलं. 1903 मध्ये दोन्ही काठ एका कारभाराखाली आले, तरी वऱ्हाड हे नाव वेगळं राहिलं. आमचा जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. 1905 मध्ये तो यवतमाळ झाला.

हा इतिहास शाळेत सनावळी म्हणून येतो. माझ्या कामात तो अजून जिवंत आहे. वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या पद्धतीने मोजणी झाली, म्हणजे रयतवारी: प्रत्येक खातेदाराचा सरकारशी थेट संबंध, प्रत्येक तुकड्याला नंबर. पलीकडे मालगुजारी: गावाचा मालक एक, बाकीची कुळं. 1951 मध्ये मालगुजारी संपली. एकच नदी, एकच माती, एकच कापूस, पण कागदाची घडण वेगळी. सोयरीक दोन्ही काठांवर असलेल्या माणसाचे जुने कागद समोर आले की मला आधी विचारावं लागतं, वावर इकडचं की तिकडचं?

आणि ही मोजणी इतक्या घाईने, इतक्या बारकाईने का झाली, याचं उत्तर काळ्या मातीतच आहे. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडकला, लँकेशरच्या गिरण्यांना दुसरीकडे बघावं लागलं. नदीपलीकडच्या हिंगणघाटच्या कापसाला तर आधीपासूनच नाव होतं. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. त्या काळापासून हे खोरं कापसाचं झालं ते आजतागायत.

दुपारी 3.15

पावसाची सर आली. शाळेच्या पडवीत थांबलो. ग्रामसेवकांनी विचारलं, जगात कुठे तरी असा प्रश्न सोडवला असेल की नाही?

सोडवला आहे, आणि ज्यांनी आमची जमीन मोजली त्यांच्याच देशात. इंग्लंडच्या पूर्वेला फेन्स नावाचा मोठा सखल पट्टा आहे, पूर्वी दलदल होती. सतराव्या शतकात कॉर्नेलियस व्हर्मुयडेन नावाच्या डच अभियंत्याने सरळ लांब चर खणून तिथलं पाणी समुद्राकडे काढायला सुरुवात केली. पुढे पवनचक्क्या, मग वाफेचे आणि शेवटी डिझेल-विजेचे पंप आले. पाणी काढण्यासाठी तिथे स्थानिक मंडळं आहेत, त्यांना कायदा आहे, जमीनमालक त्यासाठी पट्टी भरतात. त्याची किंमतही त्यांनी मोजली. तिथली काळी जमीन कुजलेल्या वनस्पतींची. वाळली की आक्रसते आणि खाली बसते. होम फेन नावाच्या जागी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एक खांब जमिनीच्या पातळीपर्यंत गाडला होता, तो आता सुमारे 4 मीटर वर आला आहे. खांब आहे तिथेच आहे, जमीन खाली गेली.

आपली माती तशी नाही, ती चिकण आहे, बसणार नाही. त्यामुळे त्यांची नक्कल करायचं कारण नाही. पण निचरा ही सार्वजनिक जबाबदारी आहे, प्रत्येकाने आपापल्या धुऱ्यावर फावडं घेऊन भांडायची गोष्ट नाही, एवढं तरी तिकडून उचलता येईल. ग्रामसेवक म्हणाले, "पट्टी भरायची म्हटलं की गावात कोणी उभं राहणार नाही." त्यांचं बरोबर आहे. सर थांबली.

दुपारी 4.45

राळेगावला साझा कार्यालयात परत. दारात सहा-सात जण. वारसाची नोंद, उत्पन्नाचा दाखला, पीक कर्जासाठी सातबारा, ई-पीक पाहणीचा फोटो अपलोड होत नाही म्हणून आलेला एक तरुण. ही कामं भराभर झाली.

त्यानंतर कपाट उघडून गावाचा जुना नकाशा काढला. कडा झिजलेल्या, घडीवर चिरलेला. त्यावर आजचं शिवार धरलं की उलगडा होतो. नकाशात नाला दोन वळणं घेऊन नदीला मिळतो आणि त्याला एक फाटाही आहे. आज फाटा नाही; त्यावर दोघांची पऱ्हाटी उभी आहे. पांदण रस्ता नकाशात रुंद आहे, जागेवर बंडी जेमतेम जाते. पावसाचं पाणी पूर्वी या पांदणीतूनच वाहून जायचं, तेच तिचं अर्धं काम होतं. महसूल संहितेत अतिक्रमण काढायचे अधिकार आहेत. ते वापरायला गेलं की प्रत्येक जण आधी शेजाऱ्याचं काढा म्हणतो. माझं मत विचाराल तर नव्या कुठल्याही योजनेआधी जुन्या नकाशातले नाले आणि पांदणी जागेवर आणल्या, तर या पट्ट्यातलं निम्मं थांबलेलं पाणी थांबणार नाही.

संध्याकाळी 6.30

जंगलाकडच्या गावातला एक फोन: उद्या सकाळी लवकर या, संध्याकाळी नको. तिकडे अजून अशीच वेळ ठरवतात. टी-1, म्हणजे अवनी वाघीण, 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री याच तालुक्यात बोराटीच्या जंगलात मारली गेली. त्याआधी दोन वर्षांत तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर लागले होते. देशभर वाद झाला, न्यायालयात गेला. त्या वादात इथल्या कापूस वेचणाऱ्या बायकांचं म्हणणं फारसं कुणी विचारलं नाही. पलीकडे वाघ आणि अलीकडे पाणी, मधल्या पट्ट्यात शेती.

रात्री 9

दिवसभराचे फोटो आणि आकडे ऑनलाइन भरतोय. सर्व्हर चालू-बंद. 2022 च्या जुलैत वर्धेला मोठा पूर आला तेव्हा सरकारने कोरडवाहू पिकांना हेक्टरी 13,600 रुपये, 3 हेक्टरपर्यंत, दिले होते. तेव्हा कागद करताना हात दुखले होते, पण लोकांच्या खात्यात काही तरी पडलं. या वेळी काय होईल ते वरचे ठरवतील.

शेवटी वाचणाऱ्यांना एक विनंती, कारण हल्ली राळेगाव, कळंब, वडकी या बाजूला रस्त्यालगतच्या प्लॉटसाठी नागपूर-यवतमाळहून माणसं येतात, बहुतेक मार्च-एप्रिलमध्ये, जमीन टणक आणि भेगाळलेली असताना. सातबारा बघा, चतुःसीमा बघा, पण इसार द्यायच्या आधी ऑगस्टात एकदा येऊन ती जागा बघून जा. आणि शेजारच्या वावरातल्या म्हाताऱ्याला विचारा की पाणी कुठून जातं. तो खरं सांगतो, कारण तुम्ही भिंत घातली तर पाणी त्याच्याकडे जाणार आहे.